पाणी जास्त झालेला कॅक्टस वाचवायचा कसा? नागपूरच्या हवेत, एकेक पायरी

तीन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या गच्चीवरचा गोल सोनेरी कॅक्टस एका बाजूला कलला. आईला वाटलं, वाऱ्याने कलला असेल. तिने बुडाशी माती दाबली आणि जरा सुकल्यासारखा दिसतोय म्हणून वरून तांब्याभर पाणी घातलं. चार दिवसांनी पोतं गुंडाळून मी त्याला सरळ करायला गेले, तर तो उचलूनच हातात आला. खाली एकही मूळ उरलं नव्हतं. बुडाची साल भिजवलेल्या हरभऱ्याच्या टरफलासारखी सुटली आणि आतून तपकिरी पाणी गळलं. आठ वर्षं वाढवलेलं झाड होतं ते.

तो वाचला नाही. पण त्यानंतर आमच्याकडचे चार आणि शेजारच्या काकूंचे दोन कॅक्टस वाचले, कारण नेमकं काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, हे तोवर कळलं होतं. पहिल्यांदाच कॅक्टस घरी आणलेल्यांसाठी ते सगळं इथे लिहिते आहे. बाहेर मिळणारे सल्ले बरेचदा थंड प्रदेशातल्या घरांसाठी असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. त्यामुळे पुढचा सगळा हिशोब नागपूरच्या हवेचा आहे.

१. आधी ओळखा: तहान आहे की कूज?

सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिंब राहिली की मातीतल्या फटी पाण्याने भरतात, बारीक मुळं गुदमरून मरतात आणि त्या मेलेल्या मुळांवर बुरशी बसते. मुळंच गेली की झाडाला पाणी ओढता येत नाही. ओल्या मातीत उभं राहूनही ते तहानलेलं राहतं, सुरकुततं. आपण सुरकुत्या बघतो आणि आणखी पाणी घालतो. माझ्या आईने हेच केलं, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

म्हणून सुरकुत्या पाहून पाणी घालू नका. अगरबत्तीची उरलेली काडी कुंडीच्या काठाजवळून तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी बाहेर काढा आणि बोटांनी चाचपा. काडी कोरडी आणि झाड सुरकुतलेलं पण कडक असेल, तर त्याला खरंच तहान लागली आहे. काडी ओली आणि झाड सुरकुतलेलं असेल, तर मुळं गेली आहेत असंच धरा.

कूज असल्याच्या बाकी खुणा:

- बूड मऊ पडतं. चमच्याच्या मागच्या टोकाने हळूच दाबलं तर खड्डा पडतो.
- रंग बदलतो. आधी पिवळट, मग पाणी भरल्यासारखा पारदर्शक, मग तपकिरी किंवा काळा.
- झाड कुंडीत डुलतं. निरोगी कॅक्टस हलवला की कुंडीही सोबत हलते.
- कुंडीतून वास येतो. मोड आणायला ठेवलेल्या मटकीचं पाणी नासलं की येतो, तसा.

दोन गोष्टींना मात्र घाबरू नका. जुन्या कॅक्टसच्या बुडाशी तपकिरी, लाकडासारखी टणक साल येते. ते वय आहे, रोग नाही. दाबून बघा, टणक असेल तर हात लावू नका. दुसरं म्हणजे, धो-धो पावसानंतर एखादा कॅक्टस उभा चिरतो. पोटात मावेना इतकं पाणी प्यायल्यामुळे साल फाटते. चीर स्वच्छ आणि कोरडी असेल तर झाड टिनाखाली घ्या आणि पाणी बंद करा. जखम आपोआप वाळते, फक्त व्रण राहतो.

२. सामान जमवून ठेवा

कापायला बसल्यावर स्पिरिट आणायला धावायचं नसतं, म्हणून सगळं आधी हाताशी घ्या:

- धारदार, पातळ पात्याचा चाकू किंवा नवा कटर
- मेडिकलमधून आणलेलं सर्जिकल स्पिरिट आणि कापूस
- जुनी वर्तमानपत्रं
- जाड हातमोजे आणि चिमटा
- चिकटपट्टी
- गंधकाची भुकटी, कृषी केंद्रात मिळते
- मातीची कुंडी, झाडापेक्षा जेमतेम इंचभर रुंद, खाली भोक असलेली
- कोरडं मिश्रण (कृती सहाव्या पायरीत)

चिकटपट्टी फड्या निवडुंगासाठी. त्याच्या मोठ्या काट्यांपेक्षा त्या काट्यांच्या बुडाशी असलेली केसासारखी बारीक कुसं जास्त त्रास देतात. ती हातमोज्यातूनही शिरतात. बोटाने चोळू नका. चिकटपट्टी लावा आणि ओढून काढा.

३. कुंडीतून काढा, आणि आजच काढा

"पाणी बंद केलं आहे, आपोआप सुकेल," असं म्हणून थांबू नका. मातीत नुसती ओल असेल आणि झाड कडक असेल तर थांबणं ठीक आहे. पण बूड मऊ झालं असेल तर पावसाळी हवेत कूज दिवसाला बोटभरसुद्धा वर चढते. काकूंचा खांबासारखा उभा कॅक्टस शुक्रवारी मुळापाशी काळा दिसला. रविवारी वेळ मिळेल तेव्हा बघू म्हणून ठेवला, आणि तोवर त्याची वीतभर उंची गेली होती.

वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या घालून पट्टा करा, तो झाडाच्या कमरेभोवती गुंडाळा आणि दोन्ही टोकं एका हातात धरा. कुंडी आडवी करा, बाहेरून थापटा आणि झाड सरकवत बाहेर घ्या. ओढू नका. माती बोटांनी, मग जुन्या ब्रशने झाडा. चिकट काळी माती निघतच नसेल तर मुळं पाण्याने धुतली तरी चालतं, कारण पुढे सगळं वाळवायचंच आहे.

रोपवाटिकेतून नुकताच आणलेला असेल तर बुडाशी नीट बघा. बऱ्याच छोट्या कुंड्यांत वर रंगीत खडे डिंकाने चिकटवलेले असतात. दिसायला छान, पण खालची माती ओली आहे की कोरडी हे कळत नाही आणि ओल वरून उडत नाही. खाली बहुतेक वेळा नुसता कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असतो. कोकोपीट आमच्या गॅलरीत पावसाळ्यात तीन आठवडे ओला राहिलेला मी पाहिला आहे. नवा कॅक्टस घरी आला की मी पहिल्याच आठवड्यात, कुजायची वाट न बघता, त्याची माती बदलते.

४. मुळं पाहा आणि झाड चिरा

चांगलं मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी असतं, ओढल्यावर ताण देतं. मेलेलं मूळ काळपट आणि लिबलिबीत असतं. चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आतला दोरा तेवढा उरतो. असली सगळी मुळं कापून टाका. काही मुळं पांढरी असतील आणि बूड टणक असेल तर तुमचं काम इथेच संपलं. थेट पाचव्या पायरीवर जा.

बूड मऊ असेल तर चाकू लागणारच. पातं स्पिरिटने पुसा, स्पिरिट उडू द्या आणि कुजलेल्या भागाच्या थोडं वर आडवा काप घ्या. आता कापलेली बाजू उजेडात धरा.

इथे घाई करू नका. कापलेला कॅक्टस दुधी भोपळ्याच्या फोडीसारखा दिसतो. फिकट हिरवा गर आणि मधोमध एक गोल कडं, ज्यातून पाणी वर चढतं. गर स्वच्छ दिसला की आपल्याला वाटतं, झालं. पण ते कडं बघा. त्यात नारिंगी, लालसर किंवा तपकिरी ठिपका, अगदी टाचणीच्या डोक्याएवढा दिसला तरी कूज आतून वर गेलेली आहे. पातं पुन्हा पुसा, अर्धा इंच वर पुन्हा काप घ्या, पुन्हा बघा. कडं पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत हेच करत राहायचं. माझा दुसरा कॅक्टस मी असाच गमावला. एक बारीक नारिंगी ठिपका तेवढा राहिला होता आणि मला आणखी कापवेना. दहा दिवसांनी तो ठिपका पेरूएवढा झाला. हातभर उंचीच्या झाडाचं बोटभर टोक उरलं तरी ते टोक जगतं. ठिपक्यासकट ठेवलेलं अर्धं झाड जगत नाही.

दर कापानंतर पातं पुसायला विसरू नका, नाहीतर कूज आपणच वर नेतो.

शेवटच्या कापानंतर कडेची साल पेन्सिलला टोक काढतात तशी तिरकी छाटा. वाळताना मधला गर आत ओढला जातो आणि कडक साल तशीच राहते, त्यामुळे बुडाची वाटी होते. नवी मुळं मधल्या कड्यातून फुटतात. त्यांना खाली माती मिळायला हवी, वाटीतली पोकळी नव्हे.

कापायला बसण्याआधी दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली म्हणजे, कापल्यावर पांढरा चीक आला तर तो कॅक्टस नाही. आपण ज्याला सरसकट निवडुंग म्हणतो त्यात त्रिधारी निवडुंगासारखी झाडंही येतात. ती वेगळ्या कुळातली. वाचवायची पद्धत जवळपास हीच, पण चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. चश्मा घाला, लहान मुलांना लांब ठेवा, चीक थांबेपर्यंत पाण्याने धुवा आणि हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका.

दुसरी म्हणजे, लाल किंवा पिवळा गोळा वर आणि हिरवा तीन धारांचा दांडा खाली, असा कॅक्टस असेल तर ती दोन झाडं आहेत. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं, तो स्वतःचं अन्न करू शकत नाही, म्हणून त्याचं हिरव्या दांड्यावर कलम केलेलं असतं. तो दांडा म्हणजे ड्रॅगन फ्रूटचीच जात. दांडा खालून कुजला आणि वरचा भाग चांगला असेल तर कुजलेलं कापून उरलेला दांडा पुन्हा रुजवा. दांडा पूर्ण गेला तर लाल गोळा मातीत लावून काहीच होत नाही. त्याला नव्या दांड्यावर पुन्हा कलम करावं लागतं.

५. वाळवा. खरा उपचार हाच

कापलेल्या जागेवर गंधकाची भुकटी चिमटीने भुरभुरवा आणि जास्तीची झटकून टाका. नाकाला रुमाल बांधा. हळद, दालचिनी लावणारेही आहेत. मी गंधक लावते, कारण ते पाण्यात विरघळत नाही आणि पावसाळी हवेत त्याचा लगदा होत नाही. पण भुकटी म्हणजे औषध नव्हे. आतली कूज ती थांबवत नाही. ते काम चाकूने आधीच झालेलं असायला हवं.

आता झाड सावलीत, वारं खेळेल अशा जागी ठेवा. कापलेली बाजू हवेत राहिली पाहिजे. मी रिकाम्या मातीच्या कुंडीच्या काठावर झाड उभं टेकवते. उंच खांबासारखं झाड आडवं ठेवू नका. काही आठवड्यांत ते टोकाकडून वर वळायला लागतं आणि कुशीतून मुळं काढतं.

किती दिवस? फक्त मुळं छाटली असतील तर चार-पाच दिवस. अंगठ्याएवढा जाड काप असेल तर आठ-दहा दिवस. मनगटाएवढा असेल तर तीन आठवडे, पावसाळ्यात त्याहूनही जास्त. दिवस मोजण्यापेक्षा नखाने टकटक करून बघा. वाळलेली जखम पुठ्ठ्यासारखी वाजते.

जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली असते, म्हणून झाड रोज काही तास पंख्याखाली ठेवा. कूलरच्या वाऱ्यात मात्र नाही. कूलर पंख्यासारखाच वाटतो, पण तो ओलसर हवा सोडतो. उन्हाळ्यात खोलीतला कॅक्टस कुजण्याचं एक कारण तेच. खोली अंधारी, हवा दमट, कुंडीतलं पाणी उडत नाही, आणि बाहेर एवढं तापलंय म्हणून आपण वरून पाणी घालत राहतो.

इतके दिवस झाडाला मातीही नाही, पाणीही नाही, हे बघवत नाही. मलाही पहिल्यांदा बघवलं नव्हतं. पण कॅक्टसच्या पोटात महिनोन्‌महिन्यांचं पाणी असतं. तो थोडा सुरकुतला तर सुरकुतू द्या. उलट साठा संपतोय असं वाटलं की तो मुळं लवकर काढतो.

६. मिश्रण

नागपूरच्या आसपासची काळी माती कपाशीला सोनं आहे. कॅक्टसला ती चालत नाही. ओली असताना ती पाणी धरून बसते आणि वाळली की दगडासारखी आवळते. बागेतली माती आणि शेणखत हे आपलं नेहमीचं मिश्रण गुलाबाला वापरा, इथे नको.

माझं माप असं:

- एक वाटा जुनं, कुजून भुसभुशीत झालेलं आणि चाळलेलं खत
- एक वाटा विटांचा चुरा, हरभऱ्याच्या डाळीएवढा
- दोन वाटे जाड रेती
- मूठभर लाकडी कोळशाचे तुकडे

रेती कुठलीही चालत नाही. घराचं बांधकाम चालू असेल तिथून घमेलंभर मागून आणा आणि घरच्या गव्हाच्या चाळणीतून चाळा. खाली पडते ती बारीक रेती फेकून द्या, वर उरते ती घ्या. बारीक रेती मातीच्या फटी बुजवते आणि सगळं आणखी घट्ट होतं. विटांचा चुराही धुऊन घ्या, त्यातली लाल धूळ तळाशी चिखल होऊन बसते.

मिश्रण झालं की कुंडीत भरून पेलाभर पाणी ओता. वर तळं न साचता लगेच खालून धार लागली पाहिजे. पाणी वर थांबत असेल तर आणखी रेती घाला. नंतर ते मिश्रण उन्हात पूर्ण वाळवा, कारण लावताना ते कोरडंच हवं.

तळाशी गिट्टीचा थर घालायची आपल्याकडे सवय आहे. कॅक्टसला घालू नका. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या दगडांत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच थबकतं, म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे. कुंडीखाली बशीही नको.

७. लावा आणि वाट पाहा

कोरड्या मिश्रणावर झाड टेकवा, बूड जेमतेम अर्धा इंच आत जाऊ द्या. उंच असेल तर दोन काड्यांचा आधार द्या. खोल पुरू नका.

मुळं शिल्लक असलेल्या झाडाला आठ-दहा दिवसांनी पहिलं पाणी. मुळं अजिबात नसलेल्या झाडाला रुजेपर्यंत काहीच नाही. फार तर संध्याकाळी काठाच्या मातीवर हलका फवारा. दोन ते सहा आठवड्यांत मुळं फुटतात, थंडीत आणखी वेळ लागतो. रोज उपटून बघू नका, नवं मूळ केसाएवढं नाजूक असतं. महिन्याने बोटाने हळूच हलवा. झाड हटलं नाही, किंवा शेंड्यावर ताजे, उजळ काटे दिसले, की रुजलं.

ऊनही हळूहळू द्या. पहिला महिना सावलीत, मग सकाळचं कोवळं ऊन. उन्हाळ्यात रुजलेलं झाड सरळ गच्चीवर ठेवलं तर एका दुपारीत अंगावर पांढरट डाग पडतात आणि ते जात नाहीत. नवतपा (मेच्या अखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत हिरवी नेट लागतेच. वरून वेगळं खत तीन महिने नको.

८. पुन्हा कुजू नये म्हणून: वर्षभराचं पाणी

अमुक दिवसांनी पाणी, असा नियम लावू नका. काडी खुपसायची, ती तळापर्यंत कोरडी निघाली तरच द्यायचं, आणि देताना खालून गळेपर्यंत पोटभर द्यायचं. रोपवाटिकेत मला "रोज थोडं थोडं शिंपडा" असं सांगितलं होतं. रोज थोडं पाणी म्हणजे कुंडीचा मधला भाग कायम ओला. शेजारच्या कुंडीत सांबार (कोथिंबीर) पेरलेला असेल तर झारी रोज फिरते आणि कॅक्टसवरही दोन धारा पडतातच. दोन्ही कुंड्या लांब ठेवा.

ढोबळ अंदाज म्हणून आमच्या गच्चीचं सांगते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आठ-दहा दिवसांनी. एप्रिल-मेमध्ये साधारण आठवड्याने, पण दिवस मावळल्यावर कुंडी निवली की. भर दुपारी तापलेल्या कुंडीत पाणी घातलं की मुळं त्या गरम पाण्यात शिजतात. मेच्या शेवटी रात्रीही उकडतं, तेव्हा बऱ्याच जातींची वाढ थांबते आणि पाणीही कमी लागतं. कॅक्टसची छिद्रं रात्री उघडतात, त्यामुळे त्याला रात्रीचा गारवा लागतो.

मृग लागायच्या आधी सगळ्या कुंड्या टिनाखाली किंवा पोर्चमध्ये. पावसाळ्यात आमच्याकडे तीन आठवड्यांतून एकदा, तेही दोन दिवस उघडीप असली तरच. पोळ्यानंतर ऊन पडायला लागलं की लगेच बाहेर काढायचा मोह होतो. थांबा, हस्ताचा पाऊस अजून बाकी असतो. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा दहा-बारा दिवसांनी. डिसेंबर-जानेवारीत महिन्यातून एकदा, आणि रात्रीचा पारा १० च्या खाली गेला तर अजिबात नाही.

कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी कॅक्टसला घालू नका. पाणी उडत जातं आणि क्षार मागे राहतात, कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो.

९. वाचला नाही तर

शेंड्यापर्यंत कडं तपकिरी निघालं तर झाड गेलं. तरी फेकण्याआधी कुशीला पिल्लं आहेत का बघा. बोराएवढं पिल्लूही टणक आणि हिरवं असेल तर पिरगळून सोडवा, चार-पाच दिवस वाळवा आणि वरच्याच पद्धतीने लावा. कुजलेलं झाड आणि त्याची माती खताच्या खड्ड्यात टाकू नका, दुसऱ्या कुंडीतही घालू नका. पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. कुंडी साबणाने घासा, उकळतं पाणी ओता आणि आठवडाभर कडक उन्हात पालथी ठेवा. मगच तिच्यात नवं झाड लावा.